मद्रासची हेराल्ड, कवठ्याच्या शेडात

१९६५ साली भारतात नवी कार घ्यायची तर निवड फार सोपी होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट आणि मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड. संपली यादी. पहिल्या दोन गाड्या सिनेमांमुळे आणि टॅक्सींमुळे आपल्या पिढीलाही ओळखीच्या आहेत. हेराल्डचं नाव काढलं तर माझ्या ऑफिसात लोक विचारतात, ‘कुठलं पेपरचं नाव आहे का?’

आमच्या घरात मात्र कार म्हणजे हेराल्डच. कवठे महांकाळला आमच्या मळ्यात, बेदाण्याच्या शेडामागच्या पत्र्याच्या खोलीत, दोन दारांची एक हेराल्ड चौदा वर्षं विटांवर उभी होती. गेली दोन वर्षं पुण्याहून शनिवार-रविवार जाऊन मी ती दुरुस्त करतोय. पण ती गाडी आमच्याकडे कशी आली, हे कळायला आधी सोन्याकडे जावं लागतं.

आमचा भाग पर्जन्यछायेतला. म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधी इथे शेतीवर घर चालणं हा नशिबाचा खेळ होता. म्हणून खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली. गलाई म्हणजे जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानातला केरकचरासुद्धा गाळून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढणं. मूस, भट्टी, तेजाब आणि त्या धुरात गेलेलं आयुष्य. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात मराठी ऐकू आलं तर तो माणूस बहुधा आमच्याकडचाच. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ कोइमतूरला गेले. त्यांना घरात सगळे आण्णा म्हणत.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चीनशी युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची तस्करी जोरात. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. नियम असा की नवे दागिने १४ कॅरटच्या वर शुद्ध असता कामा नयेत. हिशेबात हे तर्कशुद्ध वाटत असेलही, पण २२ कॅरटचं मंगळसूत्र मागणाऱ्या देशात त्याचा अर्थ सोनारांचं काम बंद, असा होता. आणि सोनाराचं बंद म्हणजे गलाईवाल्याचंही बंद. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये सुटली, पण १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदाच झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. आण्णांबरोबरचे काही जण गावी परत आले. आण्णा चांदीवर गेले. चांदी या नियमात नव्हती.

चांदीवर दहा माणसांचं घर उभं केल्यावर, १९७१ साली, त्यांनी कोइमतूरच्या एका कापड गिरणीच्या मॅनेजरकडून १९६५ची हेराल्ड सेकंडहँड घेतली. सोन्यासारखीच कारवरही सरकारची पकड होती. किती बनवायच्या, कुणी बनवायच्या हे परवान्यावर ठरे आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. सेकंडहँड गाडी हीच आण्णांसारख्यांची वाट होती.

आता गाडीकडे येतो, कारण इथे गोष्ट मजेशीर होते.

हेराल्ड मूळची इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती एप्रिल १९५९ मध्ये आणली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलॉटीचं. त्या काळी बाकीच्या कंपन्या बॉडी आणि चासी एकत्र असलेल्या, एकसंध डब्यासारख्या गाड्या बनवायला लागल्या होत्या. ट्रायम्फला ते जमेना, कारण बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली होती. मग त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी ठेवली आणि बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी बनवून ते बोल्टने एकमेकांना जोडले. छतसुद्धा बोल्टवर. बॉनेट तर मडगार्डांसकट पूर्ण पुढे उलटतं, इंजिन आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात.

कॉव्हेंट्रीतल्या त्या अडचणीचा फायदा आज मला होतोय. प्रत्येक पत्रा सुटा होतो, म्हणून कवठ्यातला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीसुद्धा ही गाडी उलगडू शकतो. सुटे भाग पेट्यांत भरून परदेशी पाठवायलाही ही रचना सोयीची होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती इथे बनवली आणि हळूहळू भाग देशी केले. इंग्लंडमध्ये इंजिन ११४७ आणि मग १२९६ सीसीपर्यंत वाढलं. आपल्याकडे ९४८ सीसीवरच थांबलं. कुटुंबाला दोन दारं पुरेनात म्हणून १९६८ मध्ये चार दारांची हेराल्ड काढली. ती फक्त भारतात झाली.

याच चासीची लांबी कमी करून मिकेलॉटीने एक छोटी स्पोर्ट्स कार रेखाटली होती. पैसे नव्हते म्हणून तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात झाकून पडला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नवे साहेब कारखाना बघत फिरताना त्यांनी ते कापड उचललं, आणि १९६२ मध्ये ती ट्रायम्फ स्पिटफायर म्हणून बाजारात आली. जगभर लोक आज लाडाने जपतात ती स्पिटफायर आमच्या हेराल्डची सख्खी धाकटी बहीण. पुढचं सस्पेन्शन तेच, मागचा आडवा पाटा तोच, भरधाव वळणावर मागची चाकं आत दुमडण्याची खोडही तीच.

आण्णांच्या मुलाने, म्हणजे तात्यांनी, १९८३ मध्ये धंदा आवरताना ही गाडी कोइमतूरहून सेलम, बंगळूर, हुबळी, बेळगाव करत तीन दिवसांत कवठ्याला आणली. २०१० पर्यंत चालवली. मग डोळ्यांनी दगा दिला आणि गाडी शेडात गेली.

चौदा वर्षं उभी गाडी म्हणजे थांबलेली गाडी नव्हे. आत बरंच काही चालू असतं. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर आतून गंजून जाम. वायरिंगची इन्सुलेशन उंदरांनी खाल्लेली आणि मागच्या सीटमध्ये त्यांचा पिढीजात वाडा. पण चासी बघून मिस्त्री खूश झाले. समुद्रकाठी किंवा कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात ही गाडी असती तर फक्त बोल्ट उरले असते. आमच्या दुष्काळाने एवढं तरी भलं केलं.

अशा इंजिनाला थेट सेल्फ मारत नाहीत. रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला तर तुटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने मागेपुढे हलवली. तिसऱ्या शनिवारी पुली केसभर फिरली. तात्या बाजेवर बसून होते. म्हणाले, ‘फिरली. आता घाई करू नको.’

सगळ्यात धोक्याची जागा मात्र इंजिनात नसून पुढच्या चाकांत होती. हेराल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली पितळी जातीच्या एका आट्याच्या तुकड्यात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळाशी पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीचं चाक बाहेर निखळतं. आपल्याकडे दिसेल त्या निपलला ग्रीसगन लावायची पद्धत. न जाणो किती हेराल्डी यानेच गेल्या असतील. आमच्या गाडीचे दांडे काढून साफ केले तर आटे चकचकीत. तात्यांना विचारलं. कोइमतूरच्या मेकॅनिकने आण्णांना बजावलं होतं, आण्णांनी तात्यांना. तात्या सत्तावीस वर्षं न चुकता तेल घालत आले होते, कारण माहीत नसताना.

भागांसाठी चेन्नईच्या पुदुपेट बाजारातल्या एका दुकानदाराशी फोनवर मोडक्या हिंदीत महिनोन्‌महिने बोललो. जे मिळालं नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतलं. ऑइल इंजिनं आणि उसाचे घाणे दुरुस्त करता करता ज्या गावात फाउंड्र्या उभ्या राहिल्या, तिथे जुन्या पितळी बुशची नक्कल हे मोठं काम नाही. नमुना हातात धरून कारागिराने फक्त विचारलं, ‘किती नग?’

गाडी गेल्या दिवाळीत सुरू झाली. मळ्यातल्या रस्त्यावर चालते, थांबते. खरा तिढा त्यानंतर सुरू झाला.

पप्पांचं मत पहिल्यापासून एकच: भंगारात घाला, बेदाण्याला जागा होईल. कोइमतूरलाच स्थायिक झालेल्या चुलतभावाचं मत वेगळं. त्याच्या ओळखीचा एक व्यापारी चांगली रक्कम देतोय, पण त्याला छताचे बोल्ट काढून उघडी टू-सीटर करायची आहे. लग्नाच्या वरातीला, फोटोशूटला अशा गाड्या भाड्याने जातात. हेराल्डची स्पिटफायर करायची म्हणा ना. काम सोपं आहे, आणि पैसे तिघांत वाटले तर तात्यांच्या मोतीबिंदूचाही खर्च निघेल. हा मुद्दा मला झटकता येत नाही.

पण जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे छत एकदा कापलं की हा दरवाजा बंद. आणि नोंदणी झाली की वराती बंद. दोन्ही एकत्र होत नाही. मी छत ठेवण्याच्या बाजूने आहे. आण्णांनी ती चार माणसं बसवायला घेतली होती, आणि तात्यांकडे तिचा दुसरा कुठलाच फोटो नाही.

कागद आण्णांच्या नावावर आहेत, नोंदणी मद्रास राज्याच्या काळातली. तिकडचा ना हरकत दाखला, वारसाचा दाखला आणि तिन्ही घरांच्या सह्या लागतात. तात्यांनी केली. पप्पांनी शेड रिकामी करून द्यायच्या अटीवर केली. कोइमतूरची यायची आहे. तोवर गाडी पत्र्याखालीच आहे. महिन्यातून एकदा बॉनेट उलटून मी दोन्ही ट्रनियनमध्ये तेल भरतो आणि तात्या बाजेवरून विचारतात, खालून जुनं बाहेर आलं का?