आत्मघाताच्या चिठ्ठ्यांपासून चिकित्सकाच्या प्रश्नापर्यंत

१९४९ साली लॉस एंजेलिसच्या कॉरोनरच्या दप्तरात एडविन श्नाइडमन या मानसशास्त्रज्ञांना आत्मघात केलेल्या व्यक्तींच्या शेकडो चिठ्ठ्या आढळल्या. पुढे नॉर्मन फार्बरो यांच्या साह्याने त्यांनी अशा ३३ चिठ्ठ्या निवडल्या आणि आत्मघाताचा विचार नसलेल्या, पण वयाने व व्यवसायाने जुळणाऱ्या ३३ व्यक्तींकडून तशाच चिठ्ठ्या लिहवून घेतल्या. खऱ्या चिठ्ठ्यांत मृत्यूविषयीचे चिंतन थोडे आणि व्यवहाराच्या सूचना अधिक, असे आढळून आले. १९५९ मध्ये चार्ल्स ऑसगुड व एव्हलिन वॉकर यांनी अशा चिठ्ठ्यांची सामान्य पत्रांशी तुलना केली, तेव्हा ‘नेहमी’, ‘कधीच’ अशा टोकाच्या शब्दांचे प्राचुर्य त्यांच्या नजरेस आले. या विषयाचा पाया, तात्पर्य, भाषेच्या अभ्यासावर घातला गेला.

१९५८ साली श्नाइडमन, फार्बरो व मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिटमन यांनी लॉस एंजेलिस येथे आत्मघात-प्रतिबंध केंद्र उघडले. संकटग्रस्ताशी दूरध्वनीवर कसे बोलावे, त्याच्या मनात काही निश्चित योजना आहे काय, जवळचे कोणी आहे काय, हे कसे विचारावे, याचे शिक्षण तेथे स्वयंसेवकांनाही मिळू लागले. असे विचारल्याने विचार बळावतो, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकली. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातील शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात तिला आधार मिळाला नाही.

दुसरा भ्रम भाकिताचा होय. १९८३ साली ॲलेक्स पोकोर्नी यांनी ४,८०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ जणांनी आत्मघात केला. परंतु त्यांना आधी ओळखू पाहणाऱ्या कसोटीने हजाराहून अधिक इतर रुग्णही धोक्याचे ठरविले. म्हणून शिक्षणाचा भर भाकितावरून व्यवस्थेकडे वळला. २०१२ साली स्टॅन्ली व ब्राउन यांनी मांडलेल्या सुरक्षा-योजनेत धोक्याची पूर्वचिन्हे, स्वतःचे उपाय, आधाराची माणसे आणि घातक साधने दूर करणे यांची नोंद रुग्णासह बसून करावयाची असते.

आपल्याकडील चिकित्सकास यातून एक बोध घेता येईल. ‘जीव नकोसा झाला’, ‘जगण्यात राम उरला नाही’ हे मराठीत रोजच्या त्राग्याचेही शब्द आहेत आणि अखेरच्या निश्चयाचेही. ऐकणाऱ्यास केवळ शब्दांवरून भेद कळत नाही. तो स्पष्ट, शांतपणे विचारलेल्या प्रश्नानेच कळतो. तो प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारता येणे, हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ असला पाहिजे.