धूर गेला, खोबण उरली

गाडीच्या डॅशबोर्डवरील ज्या गोल खोबणीत आज ड्रोनच्या बॅटरीचा चार्जर खोचला जातो, ती मुळात वीज पुरवण्यासाठी घडवलेलीच नव्हती. तिचा जन्म सिगारेट पेटवण्यासाठी झाला.

आरंभीच्या मोटारींतील विजेचा लायटर तारेला बांधलेला असे. १९२१ साली अमेरिकेत जोशुआ मॉरिस यांना तारेविना लायटरचे पेटंट मिळाले : खोबणीत तापवावा, उपसावा, सिगारेट पेटवावी. १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. तंबाखूने ठरवलेला आकार मात्र टिकला, कारण तोवर ही खोबण गाडीगाडीत पोहोचली होती.

दोष या वारशातच आहे. लायटरला काही सेकंदच वीज लागे. चार्जरला तासभर लागते. प्लग केवळ स्प्रिंगच्या दाबावर तगतो, खड्ड्यांत सैल होतो, आणि सैल जोड तापतो.

व्होल्टेजचा पेच निराळा. मोबाइलच्या साध्या चार्जरला १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करावे लागतात. ड्रोनचे नेमके उलट : ‘माविक २’ची बॅटरी १५.४ व्होल्टची, म्हणून तिचा कार-चार्जर व्होल्टेज वर चढवतो. तिची क्षमता सुमारे ५९ वॅट-तास. १० अँपिअरच्या फ्यूजमागे मिळतात जेमतेम १२० वॅट.

काही गाड्यांत चावी फिरवताच ही खोबण मृत होते, काहींत जिवंतच राहते. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत इंजिन बंद ठेवून तीन-चार बॅटऱ्या भरल्या, तर त्यांतील बरीचशी वीज स्टार्टरच्या वाट्याची असते.