खाली आपला, वर आपला : 'शॅमरॉक सिटी' आणि ब्यूटचे आयरिश

आज आपण गाण्यांचा एक अल्बम समोर ठेवून इतिहासाकडे बघणार आहोत. 'सोलास' हा आयरिश-अमेरिकन पारंपरिक संगीताचा बँड. सोलास म्हणजे आयरिश भाषेत उजेड. त्यांचा 'शॅमरॉक सिटी' हा अल्बम २०१३ साली आला. त्याच्या मुळाशी आहे मायकल कॉनवे, बँडचे शेमस एगन यांचा जुन्या पिढीतला नातलग. १९१० साली तो आयर्लंड सोडून अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या ब्यूट या खाणगावी गेला आणि १९१६ साली तिथेच मारला गेला.

ब्यूटच का? तर तांब्यामुळे. घरोघरी वीज येत होती आणि तारांना तांबं हवं होतं. ते काढणाऱ्या अ‍ॅनाकोंडा कंपनीचा संस्थापक मार्कस डेली हा स्वतः आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातला. तो आपल्या माणसांना कामावर घेई. म्हणजे खाणीत खाली आयरिश, वर मालकही आयरिश! मग भांडण कुठून आलं?

इथे तारखा नीट लावून बघूया. १८९९ मध्ये कंपनी स्टँडर्ड ऑइलच्या भांडवलदारांकडे गेली, १९०० मध्ये डेली वारला. १९१२ पासून कामासाठी कंपनीचं कार्ड लागू लागलं. युनियनवाला नकोसा झाला की कार्ड नाही, म्हणजे काम नाही. १९१४ साली खाणकामगारांतच फूट पडली आणि युनियनची इमारत सुरुंगाने उडाली. कॉनवेची ब्यूटमधली सहा वर्षं ही अशी होती.

पुढच्याच वर्षी, ८ जून १९१७ रोजी, तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या खाणीत उतरवताना खराब झालेल्या विजेच्या केबलला दिव्याची ज्योत लागली. १६८ माणसं गेली, बहुतेक धुराने आणि विषारी वायूने. संप झाला. संघटक फ्रँक लिटल याला १ ऑगस्टला पळवून नेऊन फासावर लटकवलं. कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता कुणी विचारेल, गाणं म्हणजे पुरावा का? नाही. तारीख आणि आकडा आपण कागदपत्रांतूनच घ्यायचा. पण कागदात १६८ हा आकडा असतो. त्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ होता, हे गाणं आपल्याला विसरू देत नाही. शंभर वर्षांनी घरच्याच माणसाने कॉनवेचं नाव घेतलं, म्हणून आज आपण ते घेतोय.

आणि एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मालक आपल्या गावचा असला, की मजूर निर्धास्त होतो. ब्यूटमध्येही तसंच झालं. पण मालकी हातातून हातात जाते, आणि मग नातं उपयोगी पडत नाही. तेव्हा विचारायचं ते हे, की मालक कोण आहे याच्या पलीकडे, कामगाराच्या हातात लेखी हक्क काय आहे?