राजाराम, छत्रपती : बालपण

(२४ फेब्रुवारी १६७०–मार्च १७००). मराठी राज्याचे तिसरे छत्रपती. शिवाजी महाराज व सोयराबाई यांचे पुत्र. जन्म राजगड येथे. डोंगराळ मुलखात हा किल्ला आहे. मूल पालथे उपजले, हा अपशकुन मानला गेला. तेव्हा हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे महाराजांनी म्हटल्याची कथा सभासदाच्या बखरीत येते. ही बखर राजारामांच्याच आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली, हे मात्र ध्यानी ठेवावयास हवे.

राज्याभिषेकसमयी (१६७४) राजाराम चार वर्षांचे होते. युवराजपद थोरले बंधू संभाजी यांचे होते. पण १६७८ मध्ये ते दिलेरखानास मिळाले आणि परत आले, तरी वारसाचा प्रश्न सुटला नाही. मार्च १६८० मध्ये राजारामांची मुंज व प्रतापराव गुजरांच्या कन्येशी विवाह असे दोन्ही सोहळे रायगडावर झाले. ३ एप्रिलला महाराज निवर्तले. त्याच महिन्यात सोयराबाई, अण्णाजी दत्तो प्रभृतींनी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण करविले. मुलाच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. सोयराबाईंचे बंधू सरसेनापती हंबीरराव मोहिते संभाजींच्या बाजूस गेल्याने बेत फसला. जूनमध्ये संभाजींनी रायगड ताब्यात घेतला व राजाराम नजरकैदेत पडले. पुढील वर्षी उघडकीस आलेल्या कटानंतर सोयराबाईंचा अंत झाला. पोरक्या झालेल्या राजारामांचे पुढील विवाह संभाजींच्याच कारकीर्दीत झाले; त्यांपैकी ताराबाई या हंबीररावांच्या कन्या. कोवळ्या वयात मोहीम वा कारभार यांचा अनुभव त्यांना मिळाला नाही, ही उणीव पुढे जाणवली.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी मोगलांच्या हाती सापडले. तेव्हा येसूबाईंनी आपला सात वर्षांचाही न झालेला पुत्र शाहू यास बाजूस ठेवून राजारामांना पुढे केले. राजारामांनी मंचकारोहण केले खरे. परंतु राज्य शाहूचे असून आपण ते त्याच्या वतीने चालवितो, अशी त्यांची भूमिका होती. शंकराजी नारायण सचिवांना १६९७ मध्ये लिहिलेल्या पत्रातही तिचा उच्चार आहे. ती निव्वळ राजनीती होती, असे म्हणता येईल. तथापि शाहू तेव्हा औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होता आणि राजारामांना स्वतःचे पुत्र झालेले होते. अशा वेळी पुतण्याचा हक्क लेखी मान्य करण्याची त्यांना निकड नव्हती. गादीपायी आई गमावलेल्या मुलाची ही अनिच्छा असावी, हा तर्क अधिक पटतो. त्यांच्या निधनानंतर ताराबाईंनी तो हक्क मानला नाही. १७०७ मध्ये शाहू सुटून आला, तेव्हा काकू व पुतण्या यांच्यात युद्ध जुंपले.