तळटीप : ‘सिक्स-जी’
* सिक्स-जी : हे पद नव्हे, परीक्षा आहे. पाइप ४५ अंशांत तिरका, घट्ट बांधलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे, खाली वाकून डोक्यावरचा सांधाही भरायचा. मग सांध्याच्या पट्ट्या कापून वाकवून पाहतात, नाहीतर एक्स-रे काढतात. अमेरिकेत गॅसवाहिनीवरच्या वेल्डरची पात्रता एपीआय ११०४ किंवा एएसएमई विभाग ९ प्रमाणे ठरते. पण एकदा पास झाले म्हणून जन्माचे सुटले, असे नाही : मागल्या ६ महिन्यांत त्याच प्रक्रियेने वेल्डिंग केलेले नसेल, आणि मागल्या साडेसात महिन्यांत त्या प्रक्रियेने केलेला सांधा चाचणीत पासही झालेला नसेल, तर वाहिनीला हात लावता येत नाही. नायक आठ महिने घरी बसून होता. फोरमनचा नकार म्हणूनच आकस वाटू नये.