दळी, हिवताप आणि सातबारा

पनवेलच्या डोंगरपट्ट्यात कातकरीवाडीत हिवताप निघाला की ठरलेले वाक्य ऐकू येते, "हे लोक गोळ्या पूर्ण घेतच नाहीत." जंगलाचा विषय निघाला की दुसरे, "हे लोक दळी करून जंगल जाळतात." दोन्ही वेळा आरोपी आदिवासीच. म्हणून इतिहास तपासू.

दळी म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती. फांद्या तोडायच्या, उन्हाळ्यात जाळायच्या, पावसावर राखेत नाचणी-वरी पेरायची. काही वर्षांनी जागा सोडायची, म्हणजे रान पुन्हा वाढते. कुलाबा जिल्ह्यातले कातकरी-ठाकूर यावर जगले. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगलावर ताबा पक्का केला. दळीसाठी ठरावीक तुकडे गटाच्या म्होरक्याच्या नावाने कसायला दिले. मालकी दिली नाही. २५ सप्टेंबर १९३० ला शेजारच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी पोलीस गोळीबारात शहीद झाला. स्वातंत्र्य आले, तरी दळीची जमीन वनखात्याचीच राहिली.

आता ताप. दळीवाल्याला धोका आहेच. पीक राखायला तो उघड्या खोपीत झोपतो आणि अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी रात्रीच चावते. पण दळी हे हिवतापाचे मूळ नव्हे. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. त्या काळात दळी वाढली नव्हती. फवारणी ढिली पडली होती आणि डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते.

मग गोळ्या अर्धवट का राहतात? व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात लपतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. त्यावर प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला पीककर्ज मिळणे कठीण. तो मुकादमाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो. ताप तिथे उलटतो. वाडीची आशाताई इकडे, रुग्ण तिकडे. याला अडाणीपणा म्हणायचे की भूमिहीनता?

मित्रांनो, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क, हाच त्यामागचा प्रश्न होता. दळीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य करतो. दावा ग्रामसभेत भरायचा असतो. जयंतीला वाडीत वह्या वाटतो, तसे दावा भरायलाही जाऊन बसू. मच्छरदाणी हवीच, पण ती टांगायला स्वतःच्या जमिनीवरचे घरही हवे.

जय भीम!