भाऊसाहेबांचा तोतया

(मृ. १७७६). पानिपतच्या लढाईत १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेले मराठा सेनापती सदाशिवराव भाऊ आपणच, असा दावा करणारा इसम. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे पेशवे दरबारच्या चौकशीत ठरले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती आले. पुढे कुलाब्याच्या आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक यावरच आहे.

शहाणीसुरती माणसे या दाव्याला भुलली कशी, हाच यातला जिव्हाळ्याचा प्रश्न. भाऊंच्या प्रेताच्या ओळखीविषयी शंका उरली होती, आणि पानिपताहून न परतलेल्या माणसाची वाट कित्येक घरांत पाहिली जात होती. स्वतः पार्वतीबाईंनी, भाऊंच्या पत्नीने, कपाळीचे कुंकू अखेरपर्यंत पुसले नाही.